अमेरिकेत शेरीफ मतांनी निवडून येतो, मग तो कोणाच्या हाताखाली असतो?

तुम्ही विचारलंय की मुलाकडे कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनोला आलोय, इथे पोलिसांऐवजी शेरीफच्या गाड्या फिरताना दिसतात आणि हा शेरीफ म्हणे निवडून येतो. तर त्याच्यावर वचक कोणाचा? मी याच भागात राहते आणि नागरिकत्व मिळाल्यापासून या पदासाठी मत देते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुंबईचे शेरीफ, म्हणजे नगरपाल, डोक्यातून काढून टाका. ते वर्षभराचं मानाचं पद. इथला शेरीफ काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याचा, खराखुरा पोलीसप्रमुख असतो. पण आपला एसपी सरकारच्या आदेशाने येतो आणि जातो, तशी शेरीफची बदली कोणी करू शकत नाही.

कुपर्टिनो 1955 साली शहर झालं, पण स्वतःचं पोलीस दल त्यांनी कधी उभारलंच नाही. सांता क्लारा काउंटीच्या शेरीफशी करार आहे. शहर गस्तीचे आणि तपासाचे पैसे भरतं. साराटोगाचंही तसंच. शेजारच्या सनीव्हेलला आणि सॅन होजेला मात्र आपापले पोलीस आहेत, त्यामुळे हद्द ओलांडली की गाडीच्या दारावरचं नाव बदलतं. तुम्हाला त्याची चिंता नको, अडचण आली तर 911 लावायचा, फोन योग्य ठिकाणी जातो.

रस्त्यावर दिसतं ते शेरीफचं निम्मंच काम. कोर्टाचा बंदोबस्त त्याचा. घरमालकाने खटला जिंकला की भाडेकरूच्या दारावर घर सोडायची नोटीस चिकटवतो तो शेरीफचा माणूस, आणि मुदत संपल्यावर ताबा द्यायलाही तोच येतो. सगळ्यात मोठी जबाबदारी तुरुंगाची. सॅन होजेचा मुख्य तुरुंग आणि मिलपिटासचा एल्मवूड, दोन्ही त्याच्याकडे. तिथले पुष्कळसे कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेले. त्यांना औषध वेळेवर मिळतं का, मारहाण झाली तर दाद लागते का, हे शेरीफ कसा आहे यावर ठरतं, आणि त्यांची बाजू मांडणारं प्रचारात फारसं कोणी नसतं.

आता वचकाचं. काउंटीचा कारभार पाच सुपरवायझर, म्हणजे लोकांनी निवडून दिलेले सदस्य, बघतात, शेरीफचं बजेट तेच मंजूर करतात, पण तपास कसा करायचा हे त्याला सांगू शकत नाहीत. आपल्याकडे सरपंचावर अविश्वास ठराव पास झाला की खुर्ची जाते. इथे 2021 मध्ये सुपरवायझरांनी तेव्हाच्या शेरीफ लॉरी स्मिथ यांच्यावर अविश्वास ठराव केला आणि त्या पदावरच राहिल्या! 1998 पासून त्या निवडून येत होत्या. पिस्तूल जवळ बाळगायचे परवाने देताना आपल्या समर्थकांना झुकतं माप दिल्याचा मुख्य आरोप होता. शेवटी ग्रँड ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या चौकशी मंडळाने, ठपका ठेवला, खटला उभा राहिला, निकाल तोंडावर असताना ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि काही दिवसांतच खटल्यातल्या ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. लॉस एंजेलिस काउंटीने त्याच वर्षी मतदान घेऊन, पाचपैकी चार सुपरवायझरांना शेरीफला सबळ कारणासाठी काढता येईल अशी तरतूद केली. माझ्या मते ती सगळीकडे हवी.

तरीही निवडणूकच नको, वरून नेमा, असं मी म्हणणार नाही. नेमलेला माणूस नेमणाऱ्याचं तोंड बघतो, हे आपण गावाकडे पुरेसं पाहिलंय. मला खटकतं ते आपल्या लोकांचं दुर्लक्ष. कॅलिफोर्नियात या पदाच्या उमेदवारापुढे पक्षाचं नाव छापत नाहीत, त्यामुळे ओळखीचं नाव दिसलं की खूण करून मोकळे होतात, नाहीतर तो रकाना कोराच सोडतात.

2022 मध्ये निवडून आलेले बॉब जॉन्सन आधी पालो आल्टोचे पोलीसप्रमुख होते. नव्या कायद्यामुळे त्या वर्षी निवडलेल्या शेरीफांना चारऐवजी सहा वर्षं मिळाली, म्हणजे पुढची निवडणूक 2028 ला. मुलगा इथला नागरिक असेल तर त्याला सांगा, मतपत्रिकेच्या आधी घरी एक माहितीपुस्तिका येते. त्यात शेरीफच्या उमेदवारांचं निवेदन असेल, तर तुरुंगाबद्दल त्यांनी काय लिहिलंय ते आधी वाच म्हणावं.