आधी हात बघ

तुला अनेक आशीर्वाद.

रविवारी तू अर्धा चहा तसाच ठेवून उठलीस, ते माझ्या लक्षात आलं होतं. तुझा लॅपटॉप मी असा फटकन मिटायला नको होता. पण तू केलेल्या ट्रेनिंग कोर्सच्या त्या बेचाळीस स्लाइड्स बघताना मला पंधरा वर्षांपूर्वीचा मीच दिसत होतो आणि त्याच्यावरचा राग तुझ्यावर निघाला. तुझा प्रश्न मात्र राहून गेला. "सर, लोक नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करतात. गेम टाकू, की पॉइंट्स आणि बॅज लावू?"

काहीच टाकू नकोस. आधी हात बघ.

कोर्स रावेरकडच्या केळीच्या पॅकहाऊससाठी आहे, म्हणजे जिथे केळी कापून, धुऊन बॉक्समध्ये भरतात तिथल्या लोकांसाठी. त्यांनी तुला एक पीडीएफ, चाळीसेक फोटो आणि मालकांचं भाषण पाठवलं. त्यावरून तू घरी बसून सहा आठवडे मेहनत केलीस, चित्रं हलती केलीस, आवाज दिलास. तुझ्या मेहनतीबद्दल मला शंका नाही. पण पहिल्या अकरा स्लाइड्समध्ये कंपनीचा प्रवास आहे, जळगाव केळीला मिळालेलं भौगोलिक मानांकन आहे, जगात कुठे किती केळी पिकते ते आहे. कापणी आणि धुणं बाराव्या स्लाइडपासून सुरू होतं. मी तुला विचारलं, घडापासून फणी कापताना बाई दुसऱ्या हाताने फणी कशी धरते? तू म्हणालीस, "ते पीडीएफमध्ये नव्हतं." असणारच नाही. ते त्या बाईच्या हातात आहे आणि तिने ते कधी कागदावर लिहिलेलं नाही. ज्याने पीडीएफ लिहिली त्याने सुरी धरलेली नाही.

आता माझं ऐक. हे मी फार कमी लोकांना सांगितलंय.

2011 साली एका कारखान्यात मी ट्रेनिंग बघत होतो. मशीन दुरुस्त करण्याआधी तिची वीज तोडायची, स्विचला कुलूप घालायचं, आपल्या नावाचा टॅग लावायचा, यावर मी एक कोर्स केला. साठ स्लाइड्स, ॲनिमेशन, शेवटी दहा प्रश्न. सगळे पास झाले. साहेब लोकांनी पाठ थोपटली आणि मला तेव्हा खरंच वाटलं होतं, की आपण काहीतरी चांगलं केलं. पुढे काही आठवड्यांनी तिसऱ्या पाळीत बेल्ट अडकला. अमळनेरकडचा एक फिटर तो मोकळा करायला वाकला. त्याने स्विच बंद केला होता आणि एका हेल्परला तिथे उभं केलं होतं. हेल्पर दोन मिनिटं बाजूला गेला, पलीकडून येणाऱ्या ऑपरेटरला वाटलं की स्विच चुकून पडलाय. त्याने तो वर केला. फिटरच्या उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्याने पट्टी बांधलेला हात पोटाशी धरला होता. मला बघून म्हणाला, "साहेब, मी ते पास व्हयेल व्हतू ना?"

झाला होता. दहापैकी नऊ मार्क होते. कुलूप म्हणजे काय, टॅग म्हणजे काय, सगळं त्याला येत होतं. कुलपं मात्र मेंटेनन्सच्या ऑफिसात असायची आणि ते ऑफिस रात्री दहाला बंद व्हायचं. तिसऱ्या पाळीतल्या प्रत्येक माणसाला हे माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी एकदाही रात्री तिथे जाऊन उभा राहिलो नव्हतो. नंतर कुलपांची पेटी बेल्टशेजारच्या खांबाला लावली. एक पेटी, चार कुलपं. मी एक रात्र जागलो असतो तर ती पेटी आधीच लागली असती आणि साठ स्लाइड्सची गरज पडली नसती.

म्हणून म्हणतो, आधी हात बघ.

जाशील तेव्हा काय बघायचं? चांगलं काम बघून घे, पण शोधायची आहे ती चूक. कोणती चूक पुन्हा पुन्हा होते, कोणाकडून होते, दिवसाच्या कोणत्या वेळी होते. आणि चूक दिसली की लगेच शिकवायला धावू नकोस. ती होते का, ते विचार. कधी माणसाला खरंच माहीत नसतं. तिथे तुझं काम आहे. कधी माहीत असतं, पण सुरीला धार नसते. कधी पैसे बॉक्सवर मिळतात, मग हात घाई करतात आणि फण्या आपटतात. आणि पुष्कळदा केलेल्या चुकीचा परिणाम त्या माणसाला कधी दिसतच नाही, कारण बॉक्स उघडतो तो शेकडो किलोमीटरवर. बोथट सुरीवर कोर्स करशील तर सहा महिन्यांनी तीच सुरी आणि तोच डाग असेल आणि लोक म्हणतील, ट्रेनिंगने काही होत नाही. अशा वेळी मालकाला स्पष्ट सांगायचं, की इथे कोर्स नको, सुऱ्यांना धार लावणारा माणूस ठेवा. तुला हे सांगता आलं पाहिजे. तुझी फी त्यात बुडेल. माझी बुडाली आहे.

मला लोक हट्टी म्हणतात, तुझ्याही कानावर आलं असेल. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने मला वीस कोर्सेसचं काम देऊ केलं होतं. अट एकच होती, की शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, यायचं नाही, सगळं कंटेंट मेलवर मिळेल. मी नाही म्हटलं. त्या वर्षी घरात ओढाताण झाली, मुलाच्या फीसाठी हात पसरावा लागला, आणि बायको जे बोलली ते चुकीचं नव्हतं. तरीही आज तेच काम आलं तर मी पुन्हा नाही म्हणेन. ज्याची बोटं गेली त्याचा प्रश्न मी ऐकलाय. तो न ऐकलेल्या माणसाने मला व्यवहार शिकवू नये.

असो, रावेरकडे येतो.

तुझ्या कोर्समधला प्रश्न आहे, "केळी धुण्याच्या पाण्यात काय टाकतात? अ) मीठ ब) तुरटी क) साखर." बेटा, हा प्रश्न कोणाला विचारतेस? जी बाई दोन हंगाम त्या टबापाशी उभी आहे, तिला? ती मनात काय म्हणत असेल याचा विचार कर. ती नेक्स्ट दाबते, कारण तू तिला आधीच सांगून टाकलंस की इथे तिच्यासाठी काही नाही. मी सांगतो तसा प्रश्न घे. सकाळचे अकरा वाजलेत, टबातलं पाणी चिकाने काळपट झालंय, अजून तीस घड बाकी आहेत, गाडी दारात लागलीय आणि मुकादम आवाज देतोय. काय करशील? एकजण म्हणते, आहे त्याच पाण्यात उरकून घेऊ. दुसरी म्हणते, अजून तुरटी टाकू. तिसरी म्हणते, पाणी बदलू. या तिन्ही गोष्टी तिथल्या बायका खरंच करत असतील, तरच त्या पर्यायांत घाल. चुकीचा पर्यायसुद्धा तुला सुचलेला नको, तो तिथे कोणाच्या तरी हातून झालेला हवा. आणि उत्तर दिल्यावर हिरवी-लाल खूण दाखवू नकोस. चौथ्या दिवशी उघडलेल्या बॉक्सचा फोटो दाखव, चिकाचे काळे डाग पडलेल्या फण्यांचा. त्या बाईने तो कधी पाहिलेला नसतो. मग बघ, ती नेक्स्ट दाबायला किती वेळ घेते ते.

लोडिंगवाल्यांचंही तसंच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला जातो, त्यामुळे माणसाला मनापासून वाटतं की जितकं थंड तितकं बरं. केळी 13 अंशांच्या खाली गेली की सालीवर करडेपणा येतो आणि पुढे ती नीट पिकत नाही, हे तुझ्या एकतिसाव्या स्लाइडवर एका ओळीत आहे. ती ओळ वाचून कोणाचं मत बदलणार नाही, कारण तो अजाण नाहीये, त्याचा तसा ठाम समज आहे. त्याला थंड कंटेनरच्या तापमानाचा काटा 10 वर ठेवू दे. तुझ्या कोर्समध्ये तो एक लोड त्याच्या हातून खराब होऊ दे. खरा माल खराब होण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

"एंगेजिंग करा" असं एचआरवाले सांगतात तेव्हा तुला रंग, गाणी, बॅज सुचतात. मला राग येतो तो याचाच. माणूस गुंततो तो स्वतःच्या अडचणीत. ती अडचण तुला माहीत नसेल, तर बॅज लावून काय उपयोग?

आणि मार्क म्हणजे शिकणं असं मानू नकोस. सिस्टीममध्ये 'कम्प्लीटेड' येतं, त्याचा अर्थ इतकाच की कोणीतरी शेवटपर्यंत बटणं दाबली. अमेरिकेतले ट्रेनिंगचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्येच मांडलं होतं, की ट्रेनिंग चार पातळ्यांवर तपासायचं: माणसाला ते कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि शेवटी त्यातून हाती काय लागलं. आपल्याकडे पहिल्या दोन पातळ्यांवरच गाडी थांबते, कारण तिसरीसाठी पुन्हा उठून हात बघायला जावं लागतं. कोर्स सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी तू पुन्हा रावेरला जाणार आहेस. तो खर्च कोटेशनमध्ये आत्ताच लिही. कोर्स सुरू व्हायच्या आधीच्या एका आठवड्यात डागामुळे किती बॉक्स बाजूला काढले, तेही आधीच मोजून ठेव. नाहीतर नंतर काय बदललं ते कोण सांगणार?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना लाखो नवी माणसं पटकन तयार करायची होती. तेव्हाची पद्धत अशी, की शिकवणाऱ्याने आधी काम फोडायचं. महत्त्वाच्या पायऱ्या एका बाजूला, आणि प्रत्येक पायरीसमोर ज्यावर काम बनतं किंवा बिघडतं ती गोष्ट. तेवढं झाल्याशिवाय शिकवायला उभं राहायचं नाही. तू वहीत असंच दोन रकाने करून लिही. "फणी कापणे" ही पायरी. तिच्यासमोर काय येतं ते मी सांगणार नाही, तिथल्या बायका सांगतील.

बाकीचं थोडक्यात. आवाज आणि तेच वाक्य पडद्यावर, असं दोन्ही एकदम देऊ नकोस. वाचणं आणि ऐकणं एकमेकांच्या पायात येतं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी यावर खूप प्रयोग केलेत. चित्र दाखव आणि त्यावर बोल. ते बोलणं पुण्याच्या स्टुडिओतलं नको. रावेर-यावलची बोली वेगळी, अमळनेरची अहिराणी वेगळी, आणि सातपुड्यातून येणाऱ्या पावरा मजुरांना तर मराठीच दुसरी भाषा. तिथल्याच एखाद्या बाईचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड कर. मागे टबात पाणी पडल्याचा आवाज आला तरी चालेल. मशीनच्या पॅनेलवर जो शब्द छापलाय तो मात्र बदलू नकोस. तिथे 'रिसेट' लिहिलं असेल तर 'रिसेट'च म्हण.

मोबाईलचंही बघून ये. तिथल्या किती बायकांकडे स्वतःचा फोन आहे? माझा अनुभव असा, की फोन मुलाचा असतो, संध्याकाळी स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं हातात येतो, आणि नेट संपलेलं असतं. तुझा पस्तीस मिनिटांचा कोर्स तिथे कुठे बसणार? चार-चार मिनिटांचे तुकडे कर. आणि एकदा शिकवून सोडून देऊ नकोस. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते. आठवड्याने मात्र वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणून दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक प्रश्न, आठवड्याने आणखी एक, फोटोसकट. तेवढं पुरतं.

तुझ्यात हे काम करायची ताकद आहे की नाही, असं तू जाताना पुटपुटलीस. त्यावर मी काही लिहिणार नाही, तो प्रश्नच मला मान्य नाही. तू अजून हात बघितले नाहीत, इतकंच झालंय. त्या बेचाळीसपैकी चार-पाच स्लाइड्स राहतील. बाकीच्या गेल्या म्हणून हळहळू नकोस. माझ्या साठ अजून एका सीडीत आहेत, मी त्या टाकलेल्या नाहीत आणि उघडलेल्याही नाहीत.

पॅकहाऊसच्या सुपरवायझरशी मी बोललो आहे. येत्या बुधवारी कापणी पहाटेच सुरू होईल, पहिला ट्रॅक्टर सातच्या आसपास येतो. मी जळगावहून निघतो, तू भुसावळला स्टेशनबाहेर थांब, पुढे बरोबर जाऊ. दिवसभर थांबायचं, जेवणाच्या सुट्टीत बायकांबरोबर बसायचं, आपला डबा घेऊन. पहिले दोन तास काही विचारू नकोस, नुसती उभी राहा. लॅपटॉप घरी ठेव, वही आण. आणि जुना ड्रेस घाल, केळीचा चीक कपड्यावरून निघत नाही.