परमिटची तारीख उलटली, निकाल आलेला नाही: कामावर जायचं की घरी बसायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॅनडातल्या एका कंपनीकडून दोन वर्षांच्या वर्क परमिटवर बोलावणं आलंय, पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी सोबत येणार आहेत. पण कुणीतरी सांगितलं की परमिट रिन्यू व्हायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर घरी बसावं लागतं आणि पगार बंद होतो. हे खरं असेल तर निघावं की नाही, अशा पेचात तुम्ही आहात.

घरी बसावं लागत नाही. जुनं परमिट चालू असतानाच नूतनीकरणाचा अर्ज पोचला असेल, तर परमिटवरची तारीख उलटली तरी निकाल येईपर्यंत काम करता येतं, पूर्ण पगारावर. मी आठ वर्षं ऑन्टॅरिओत आहे, एका अन्नप्रक्रिया कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. आता पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालंय, पण त्याआधी दोनदा मी अशी वाट बघत काम केलंय. एकदा चार महिने, दुसऱ्यांदा सात. त्या सात महिन्यांत जे शिकले ते मला निघण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बऱ्याच रात्री शांत झोप लागली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

याला आता मेंटेन्ड स्टेटस म्हणतात. जुने लोक अजून इम्प्लाइड स्टेटस म्हणतात, गोष्ट तीच. इमिग्रेशनच्या नियमावलीत दोन वेगळी कलमं आहेत. 183 मधलं पाचवं उपकलम तुमचा राहण्याचा हक्क निकालापर्यंत लांबवतं, आणि 186 मधलं 'यू' हे उपकलम काम करण्याचा हक्क चालू ठेवतं. हे दुसरं नीट वाचून ठेवा, कारण अटी त्यातच आहेत: अर्ज मुदतीत केलेला असावा, परमिट संपल्यानंतर तुम्ही कॅनडातच राहिलेले असावे, आणि तारीख सोडून जुन्या परमिटवरच्या बाकी सगळ्या अटी पाळत असावे. मेंटेन्ड स्टेटस मिळालं असं सांगणारं नवं परमिट कुणी छापून देत नाही. हातातला कागद संपलेला असतो आणि हक्क मात्र जिवंत असतो. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

माझ्याच बाबतीत काय झालं ते सांगते. ऑनलाइन अर्ज केल्यावर आयआरसीसी, म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं, एक पत्र देतं. अर्ज प्रलंबित असताना तुम्ही काम करू शकता असं त्यात लिहिलेलं असतं. लोक त्याला डब्ल्यूपी-एक्सटी पत्र म्हणतात. त्या पत्रावरही एक तारीख असते. माझा निकाल लांबला आणि ती तारीख उलटली. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला मी गेटवर बॅज लावला तर लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल. मागे शिफ्टची रांग उभी, माझ्या हातात डबा आणि सेफ्टी शूज. सुरक्षारक्षक म्हणाला, सिस्टिममध्ये तुमची मुदत संपलेली दिसते. एचआरची बाई नऊला आली. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती. परमिट नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर मालकावर कारवाई होऊ शकते, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने मला घरी पाठवलं.

पत्रावरची तारीख म्हणजे त्या पत्राची तारीख, हक्काची नव्हे. निकाल आलेला नसेल आणि अटी पाळल्या असतील तर ती तारीख गेल्यावरही काम करता येतं. हे पटवायला मी नियमाची प्रत, फी भरल्याची पावती, अर्ज दाखल झाल्याची तारखेसह पोचपावती आणि अर्ज अजून प्रक्रियेत असल्याचं माझ्या ऑनलाइन खात्यावरचं पान छापून तिच्या टेबलावर ठेवलं. तिने कंपनीच्या वकिलाला विचारलं. चौथ्या दिवशी बॅज हिरवा झाला. तीन दिवसांचा पगार गेला तो गेलाच.

म्हणून माझं सांगणं: परमिट संपायच्या महिनाभर आधीच एचआरकडे स्वतःहून जा. अर्ज केलाय, ही पावती, हा नियम, आणि अमुक तारखेनंतर तुमची सिस्टिम मला बाद दाखवेल, असं ईमेलवर लिहून द्या. तुमचा सिन नंबरही, म्हणजे पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक, तात्पुरता असतो, 9 ने सुरू होणारा, आणि त्याची मुदत परमिटला बांधलेली असते, त्यामुळे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच इशारा उठतो. नवं परमिट हातात आलं की सर्व्हिस कॅनडा या सरकारी कार्यालयाकडे सिनची नोंद अद्ययावत करून घ्यायची. हेल्थ कार्डाची मुदतही बघून ठेवा आणि ते संपायच्या आधीच तुमच्या प्रांताच्या कार्यालयात विचारा, आजारी पडल्यावर नको.

आता अर्जाविषयी. 'मुदतीत केला' एवढ्याने भागत नाही, तो पूर्ण असावा लागतो. सही राहिली, फी कमी भरली, एखादा आवश्यक फॉर्म जोडला नाही, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत येऊ शकतो. परत आलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. तोवर परमिटची तारीख गेली असेल तर मेंटेन्ड स्टेटस नाहीच, आणि मधल्या काळात केलेलं काम विनापरवाना ठरण्याची भीती. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. त्याने शेवटच्या आठवड्यात अर्ज केला होता, त्यामुळे चूक दुरुस्त करायला दिवसच उरले नव्हते. आयआरसीसी किमान 30 दिवस आधी अर्ज करा म्हणते. मी म्हणेन चार महिने आधी कागद जमवायला लागा. वर्क परमिटची फी 155 डॉलर आहे, ओपन परमिटला, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करू देणाऱ्या परमिटला, वर 100. पैशांपेक्षा कागदच जास्त दमवतात.

तुमच्या बाबतीत तर त्याहूनही आधी. तुमचं परमिट एकाच मालकाचं, म्हणजे क्लोज्ड दिसतंय. ते एलएमआयएवर, म्हणजे या जागेसाठी परदेशी माणूस घ्यायला हरकत नाही अशा सरकारी मंजुरीवर, असेल तर मुदतवाढीसाठी बहुतेक वेळा कंपनीला नवं एलएमआयए काढावं लागेल. ते काम त्यांचं, त्याला 1000 डॉलर फी त्यांनीच भरायची असते, तुमच्याकडून वसूल करता येत नाही. पण त्यांनी उशीर केला तर अडकणार तुम्ही. परमिटचे सातआठ महिने उरले की मॅनेजरला आठवण करायला सुरुवात करा. यात संकोच करू नका. आपल्याकडे वरिष्ठांना पुन्हा पुन्हा विचारणं बरं दिसत नाही असं वाटतं, मलाही वाटायचं. पण तिथे तारखेबद्दल विचारणाऱ्याला कुणी आगाऊ समजत नाही.

अटी पाळायच्या म्हणजे काय, तेही सांगते. क्लोज्ड परमिटवर मालकाचं नाव, कामाचा प्रकार आणि बहुधा ठिकाणही छापलेलं असतं. वाट बघण्याच्या काळात ते सगळं तसंच लागू राहतं. त्या सात महिन्यांत आमच्याच कंपनीने मला दुसऱ्या शहरातल्या प्लांटला जा म्हटलं होतं, पगारही वाढणार होता. माझ्या परमिटवर पहिल्या प्लांटचं शहर लिहिलेलं होतं. मी नाही म्हटलं आणि का ते लिहून दिलं. नव्या अर्जात तुम्ही ओपन परमिट मागितलं असेल तरी ते हातात येईपर्यंत जुन्याच अटी. नवा मालक धरायचा असेल तर त्यासाठी मे 2020 मध्ये एक तात्पुरती सवलत सुरू झाली, वेगळी विनंती करून लेखी परवानगी आल्यावरच काम सुरू करायचं अशी. तशी वेळ आली तर त्या वेळी ती लागू आहे का हे आधी आयआरसीसीच्या पानावर बघा आणि परवानगीचा ईमेल येण्याआधी एक दिवसही नव्या जागी उभे राहू नका.

प्रवासाचं मात्र मला मनापासून सांगायचंय. त्याच काळात माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नियमात 'कॅनडात राहिलेले असावे' असं स्पष्ट आहे, आणि माझा व्हिझाही संपलेला होता. परमिट आणि व्हिझा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: परमिट काम करायला, व्हिझाचा स्टिकर विमानात बसून परत आत यायला. गेले असते तर परतण्यासाठी नवा व्हिझा लागला असता आणि नोकरीही टांगणीला लागली असती. मी गेले नाही. भावाने ऑपरेशन थिएटरच्या बाहेरून फोन लावून ठेवला आणि मी रात्रभर कानाला लावून बसले. वडील बरे झाले, पण ती रात्र मी विसरलेले नाही. तुमच्या घरी वयस्कर माणसं असतील, आणि एखादं लग्नकार्य किंवा आजारपण पुढे दिसत असेल, तर जाणं-येणं परमिट आणि व्हिझा दोन्ही चालू असताना उरकून घ्या.

पूर्वी लोक अमेरिकेच्या सीमेवर जाऊन, लगेच वळून, चौकीवरच नवं परमिट काढून आणत. त्याला फ्लॅगपोलिंग म्हणत. 23 डिसेंबर 2024 पासून वर्क परमिटसाठी ते बंद झालंय, मोजके अपवाद सोडून. तुम्हाला कुणी तो सल्ला दिला तर ती माहिती जुनी आहे.

अर्ज नामंजूर झाला तर त्या दिवसापासून काम थांबवायचं. दुसऱ्या दिवशीची शिफ्ट लागलेली असली तरी जायचं नाही. त्यानंतर 90 दिवसांच्या आत स्टेटस परत मिळवण्याचा, म्हणजे रेस्टोरेशनचा अर्ज करता येतो, पण त्याचा निकाल लागेपर्यंत काम करता येत नाही. म्हणून आयआरसीसीच्या साइटवरचं तुमचं ऑनलाइन खातं रोज उघडून बघत जा. निकालाची सूचना स्पॅममध्ये गेली आणि तुम्ही आठवडाभर कामावर जात राहिलात तर ते महागात पडेल. हातात तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा असं मी म्हणते ते यासाठीच.

पत्नीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. तुमचं परमिट लांबलं म्हणून तिचं आपोआप लांबत नाही, तिचा अर्ज वेगळा, मुलीचाही वेगळा. शिवाय 21 जानेवारी 2025 पासून जोडीदाराच्या ओपन परमिटचे नियम कडक झालेत. तुमचं काम टीअर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पातळी) 0 किंवा 1 मध्ये, नाहीतर टीअर 2 किंवा 3 मधल्या ठरावीक कामांपैकी असावं, आणि तिचा अर्ज जातो त्या वेळी तुमच्या परमिटवर किमान 16 महिने शिल्लक असावेत. दोन वर्षांच्या परमिटवर हे गणित फार घट्ट आहे: पहिल्या आठ महिन्यांत तिचा अर्ज गेला नाही तर दार तिथेच बंद. शक्य असेल तर तिचा अर्ज तुमच्यासोबतच करा. आणि कंपनीला आत्ताच विचारा की तुमच्या कामाचा एनओसी कोड, म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातला क्रमांक, कोणता लावलाय. त्या कोडचा दुसरा आकडा म्हणजे टीअर.

शेवटी पासपोर्ट. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. पासपोर्टला चौदा महिने उरले असतील तर दोन वर्षांची मंजुरी असूनही परमिट चौदा महिन्यांचं मिळेल, आणि मग वरचं 16 महिन्यांचं गणित पहिल्याच दिवशी कोसळेल. पासपोर्ट आधी रिन्यू करा, मगच अर्ज करा. पोचल्यावर विमानतळावरचा अधिकारी परमिट छापून देतो तेव्हा काउंटरवरून हलू नका. नाव, मालक, कामाचं ठिकाण, तारीख तिथेच उभं राहून वाचा. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर पत्रव्यवहारात महिने जातात.

तुमचा आणि पत्नीचा पासपोर्ट कधी संपतो आणि एनओसी कोड काय, हे कळवा, मग तिचा अर्ज कधी करायचा ते नेमकं सांगता येईल.