जूनमध्ये पहिलीत जायचंय, आणि याला ‘अ’ सुद्धा काढता येत नाही!

मार्च संपला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या आयांचा प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. मूल साडेपाच-पावणेसहा वर्षांचं झालंय, जूनमध्ये पहिलीत बसणार, आणि अजून लिहीत नाही. शेजारचं लिहितं, हे लिहीत नाही. पुढं याचं कसं होणार?

निफाड तालुक्यातल्या एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. नवरा-बायको दोघं द्राक्षबागेत रोजानं कामाला. मुलगा गावातल्या अंगणवाडीत जाणारा, ऑगस्टमध्ये सहा पूर्ण करणारा. जावेचा मुलगा त्याच्याच वयाचा, पण इंग्रजी माध्यमाच्या केजीत. पाहुणे आले की तो ए टू झेड घडाघडा म्हणून दाखवायचा, आणि मग सगळे हिच्या पोराकडं बघायचे.

“ताई, पाटी दिसली की याचं पोट दुखतं. परवा तर पाटी नेऊन गव्हाच्या कोठीमागं टाकून आला,” ती म्हणाली.

बागेतून आल्यावर, चूल पेटवायच्या आधी, ती रोज त्याचा हात धरून ‘अ’ गिरवून घ्यायची. दोन ओळींत रडारड सुरू व्हायची, मग एखादा धपाटा बसायचा. हे सांगताना तिनं मान खाली घातली होती. “मी सातवीपर्यंत शिकलेली. मला काय शिकवता येणार?”

मी तिला पाटीचं काहीच विचारलं नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत मुलगा काय काय करतो, तेवढं सांगायला लावलं. तो आजीला दिवसभराच्या भांडणांची सविस्तर हकीकत सांगायचा. वडिलांबरोबर रिकामे क्रेट मोजायचा, वीसपर्यंत न चुकता. दुकानातून दोन वस्तू लक्षात ठेवून आणायचा. म्हणजे भाषा, आठवण आणि मोजणं जागच्या जागी होतं. अडत होतं ते वेगळीकडं. शर्टाची बटणं आजी लावायची, जेवण आजी भरवायची, कात्री त्याच्या हातात कधी कुणी दिलीच नव्हती. आणि अनोळखी माणसाला “मला शू लागली” हे सांगायची त्याला भीती वाटायची. पहिलीच्या वर्गात पहिल्या आठवड्यात मुलाला रडवतं ते हेच.

लिहिणं हे सगळ्यात शेवटी येतं. खांद्यात, दंडात, मग बोटांत जोर यावा लागतो. मनगटातली हाडं तर पाच-सहाव्या वर्षी पुरती तयारही झालेली नसतात. अशा हाताला पानभर गिरवायला लावलं की तो दुखतो, आणि मुलाच्या डोक्यात पाटी म्हणजे दुखणं हे पक्कं बसतं. त्यामुळं तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की जूनपर्यंत गिरवणं बंद. दुसरी, एप्रिलमध्ये गावातल्या जिल्हा परिषद शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा आहे, तिथं मुलाला घेऊन जायचं.

२०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावानं राज्यभर हे मेळावे होतात. शिक्षण विभागाबरोबर ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचाही त्यात हात आहे. पहिला मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. नावनोंदणीपासून सुरुवात करून मूल एकेका टेबलावर जातं. कुठं शारीरिक विकास, कुठं बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, गणनपूर्व तयारी. शेवटचं टेबल पालकांचं असतं, आणि जमेल तेव्हा मी तिथं बसते.

त्या दिवशी शाळेच्या पटांगणात चुन्याची रेघ आखली होती. पोरगा तिच्यावरून हात पसरून तोल सांभाळत गेला, परत आला, आणि पुन्हा जाऊ का म्हणून विचारलं. भाषेच्या टेबलावर बाजाराचं चित्र होतं. त्यावर तो इतका बोलला की मागची रांग खोळंबली. कात्रीपाशी मात्र अडला. दोन्ही हातांनी कात्री धरून कागद फाडायला लागला. बाईंनी त्याची बोटं कात्रीत बसवून दिली आणि कार्डावर ‘मदतीने करतो’च्या रकान्यात खूण केली. आईनं ते कार्ड वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला विचारलं, “यात नापास कुठं लिहितात?”

मेळाव्यानंतर वस्तीवस्तीवर आयांचे गट होतात. त्यांच्यातलीच एक लीडर माता असते. आठवड्याला मोबाईलवर एखादा छोटा व्हिडिओ, हातात घरी करायच्या कृतींची आयडिया कार्डं. खर्च काही नाही, कारण सामान स्वयंपाकघरातलंच. गवार मोडायची, मिसळलेले हरभरे आणि शेंगदाणे वेगळे करायचे, कणकेचे साप वळायचे, ओला रुमाल पिळायचा, कपड्यांना चिमटे लावायचे. हात तयार होतो तो यातूनच. या आईला तर हे ऐकून हसू आलं. तिला वाटत होतं शिकवणं म्हणजे पुस्तक घेऊन बसणं.

गटातल्या एका वयस्कर बाईंनी तिला जे समजावलं, ते मला इतकं नेमकं सुचलं नसतं. त्या म्हणाल्या, “एप्रिल छाटणीनंतर काडीत घड धरतो, पण दिसतो का? ऑक्टोबरची छाटणी झाल्यावर दिसतो. म्हणून उन्हाळ्यात आपण वेल उपटून बघतो का?”

माझ्या खोलीत मी एका आईशी बोलते. गटात तिला आपल्यासारखीच दहा-बारा घरं दिसतात, आणि त्यातल्या बहुतेकांची पोरं लिहीत नाहीत हेही दिसतं. निम्मी भीती तिथंच उतरते. मात्र दोन गोष्टी मला मनापासून खटकतात. गटाची बैठक भर दुपारी ठेवली तर बागेत जाणारी बाई येणार कशी? आणि बाप कुठं असतात? या घरात क्रेट मोजायला बापानंच शिकवलं होतं. त्याला मी मुद्दाम बोलावून घेतलं आणि शर्टाच्या बटणांची जबाबदारी त्याच्यावर टाकली. आजींचा थोडा रुसवा झाला, पण भरवणंही हळूहळू बंद झालं.

ही कल्पना आपल्याकडं नवी नाही. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा बालवाडीपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या अंगणातच त्यांनी बालवाडी नेली. अंगणवाडी तिथली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनं ती पुढं देशभर नेली. घराच्या अंगणातल्या सामानावर मूल शिकतं, हे त्यांनी केव्हाच करून दाखवलं होतं.

आता, ‘लिहीत नाही’ हे नेहमीच सोडून देण्यासारखं असतं असं नाही. पाच वर्षांचं मूल चार-पाच शब्दांचं वाक्य बोलत नसेल, पाठीमागून हाक मारली तर वळत नसेल, इतर मुलांत अजिबात मिसळत नसेल, किंवा आधी येत असलेलं बोलणं-चालणं मागं पडत असेल, तर मेळाव्याची वाट पाहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. सेविकाताईंना तारीख विचारा, किंवा सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. तपासणी मोफत असते.

या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. जूनच्या मेळाव्यात त्यानं कागदाची पट्टी एका हातानं कापली, थोडी वाकडी. पहिल्या दोन दिवशी शाळेच्या फाटकात रडला, तिसऱ्या दिवशी वडील सोडायला गेले तेव्हा नाही रडला. ‘अ’ त्याला बाईंनी वर्गात शिकवला, गणपतीच्या आधी. आईनं मला फोन केला तो ‘अ’साठी नव्हताच. जावेला पुढच्या एप्रिलच्या मेळाव्यात तिच्या धाकटीला आणायचं होतं. इंग्रजी शाळेत जाणारी मुलगी चालेल का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, बाईंना आधी सांगून ठेवा आणि घेऊन या. आणि धाकटीच्या बापालाही आणा.