वाफेच्या इंजिनाचे काळ्याकुट्ट धुराचे फोटो काढायला भारतात कुठे जावं आणि लेन्स कोणती घ्यावी?

लेन्सचं शेवटी बघू. आधी तो काळाकुट्ट धूर डोक्यातून काढून टाका.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. फायरबॉक्समध्ये एकदम भराभर फावडी ओतली की आग दबते, हवा पुरत नाही आणि पैशाचा कोळसा धुराड्यातून आभाळात जातो. माझे मामा मिरजेला मीटरगेजवर फायरमन होते. मिरज–लोंढा करायचे. त्या काळात मिरजेत ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते आणि आम्हा पोरांना सुट्टीत दुसरं काही लागायचं नाही. मामांचं म्हणणं एकच: कोळसा थोडा टाका, पुन्हा पुन्हा टाका, आणि आग जिथे पांढरीफटक दिसते तिथेच टाका, कारण तिथे थर पातळ झालेला असतो. धुराड्यावर हलका करडा धूर दिसला पाहिजे. काळा निघाला की ड्रायव्हर नुसता मान वळवून बघायचा. तेवढं बघणं पुरायचं.

असं घर असलेल्या माणसाला ‘धूर जास्त कसा मिळेल’ विचारलंत, तर उत्तर लांबणारच.

६ डिसेंबर १९९५ ला जालंधर–फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजची शेवटची वाफेची गाडी धावली. त्यानंतर डोंगरी गाड्या सोडल्या तर रोजच्या प्रवासी गाडीला वाफेचं इंजिन अशी जी थोडी ठिकाणं उरली, त्यात सौराष्ट्रातलं वांकानेर–मोरबी होतं. मीटरगेज, वायजी क्लासची इंजिनं, सपाट माळरान, बाजूने डांबरी रस्ता. इंग्लंड-जर्मनीहून लोक विमानाने यायचे आणि वांकानेरला मुक्काम ठोकायचे. मी आणि माझा एक कॉलेजमित्र सांगलीहून मुंबईला आणि तिथून सौराष्ट्र मेलने वांकानेरला गेलो. डिसेंबरचा शेवट होता. पहाटे शेडमध्ये उभं राहिलं तर पायाखालची राख ऊबदार लागत होती आणि कानाला मफलर असूनही हुडहुडी भरत होती.

मित्राने जीप ठरवली होती. गोऱ्यांकडे बघून शिकलेला प्रकार: गाडी सुटताना एक फोटो, मग जीपमध्ये उडी, पुढे जाऊन दुसरा, परत उडी. मला तो प्रकार तेव्हाही पटत नव्हता. मी म्हटलं, मला मधल्या एका स्टेशनाच्या अलीकडे सोड, मी तिथेच उभा राहतो. तो हसला. एका फोटोसाठी एवढ्या लांब आलास का, म्हणाला. मी म्हटलं, हो.

गाडी सुटायच्या आधी हा पठ्ठ्या इंजिनावर चढला. फायरमनच्या हातात सिगारेटचं पाकीट आणि पन्नासची नोट ठेवली आणि हातानेच खूण केली, गाव सुटल्यावर धूर सोड. तिथल्या फायरमनना ही मागणी नवी नव्हती. परदेशी पाहुण्यांनी ती सवय आधीच लावून ठेवली होती. ड्रायव्हर वयस्कर होता, त्याने तोंड वाकडं केलं, पण बोलला नाही. मला जीपने माझ्या जागी सोडलं आणि मित्र परत गावाकडे गेला.

मी बाभळीजवळ उभा. सूर्य नुकता वर आलेला, उजेड चाकांच्या बाजूवर येणार, वारा अगदी मंद आणि धूर सावलीच्या बाजूला नेणारा. यापेक्षा चांगली सकाळ मागून मिळत नाही. वेळ झाली, गाडी नाही. मग लांबवर तो काळा खांब दिसला. आभाळात जाड, वाकडा, बराच वेळ तसाच लोंबकळत राहिलेला. त्याच्याखाली गाडी येत होती पण तिचा आवाज बसलेला होता. वायजी चांगली ओढत असली की धुराड्याचे ठोके मैलभरावरून मोजता येतात. इथे नुसतं सुस्कारल्यासारखं काहीतरी. माझ्यासमोरून ती माणसाच्या पळण्याच्या वेगाने गेली आणि स्टेशनात जाऊन थांबली ती थांबलीच. प्रेशर पडलं होतं.

मी चालत स्टेशनात गेलो. ड्रायव्हर खाली उतरून पाठमोरा उभा होता. दुसरा फायरमन टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या गाड्यात, कोळसा फोडत होता, पहिला सळईने आग उकरत होता, आगीला हवा ओढणारा ब्लोअर पूर्ण उघडा. डब्यांतून मोरबीच्या कौलांच्या आणि घड्याळांच्या कारखान्यांत जाणारी माणसं उतरून रुळांकडेला उकिडवी बसली. एकजण मला विचारत होता, ‘केम ऊभी रही?’ माझ्या गळ्यात कॅमेरा होता, त्याला काय सांगणार? बऱ्याच वेळाने जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, शिट्टी झाली आणि गाडी निघाली. थंड इंजिनात जोर येतो तसा पहिल्या ठोक्यालाच पांढरीशुभ्र वाफ उंच गेली, आणि मी तो एक फोटो काढला. बाजूचे रॉड खाली आलेले, फायरमनचा हात खांबाला, ड्रायव्हर पुढे बघतोय.

मित्राने काढलेला काळ्या धुराचा फोटो पुढे आमच्या गावातल्या एका बँकेच्या कॅलेंडरवर छापून आला. गेली कितीतरी वर्षं तो दर हिवाळ्यात व्हॉट्सअॅपवर ‘गेले ते दिवस’ म्हणून माझ्याकडेच फिरत येतो. दोन्ही प्रिंट मी मामांना दाखवले होते. मित्राच्या फोटोकडे बघून ते म्हणाले, ‘आग मेली की रे. ह्या फायरमनला मेमो दिला पाहिजे.’ मग माझा घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘हा पण सेफ्टी वाजवतोय. पाणी काय फुकट येतं?’ ह्यापलीकडे त्यांनी दोन्ही फोटोंबद्दल काही म्हटलं नाही.

मित्राचा मुद्दा तेव्हापासून एकच आहे: फायरमनची हुशारी फायरमनने बघावी, आपण फोटो बघायचा. मला हे मान्य नाही. कुस्तीचा फोटो काढणाऱ्याला कुठला डाव चाललाय हे कळत नसेल तर त्याच्या हातात नुसते लंगोट येतात. गाडी चढावर आहे की उतारावर, डबे किती, पाणी कुठे भरणार, हे ज्याला माहीत आहे त्याला फायरमनला नोट द्यावी लागत नाही. थंड हवेत वाफेचे बारीक थेंब होतात, म्हणून ती पांढरी दिसते. मे महिन्यात दुपारी तेच इंजिन तेवढीच वाफ सोडतं आणि कॅमेऱ्यात काही येत नाही. म्हणून हिवाळा, सकाळ, चढ आणि गाडी सुटण्याची जागा. हे चार जमले की धुराची भीक मागू नका.

आता कुठे जायचं ते. दार्जिलिंग: १८८१ ची लाइन, दोन फुटी रूळ, बी क्लासची छोटी इंजिनं, दार्जिलिंग–घूम फेऱ्या वाफेवर चालतात. गाडी रस्त्याकडेने इतकी सावकाश जाते की पाठलागाला जीप लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात जा, पावसाळ्यात ढगांशिवाय काही दिसणार नाही. निलगिरी: मेट्टुपालयम ते कुन्नूर हा टप्पा, त्यात कल्लारपासून पुढे दातेरी रूळ. इथे बरेच जण फसतात. इंजिन चढावर गाडीच्या मागे असतं, ते डबे ढकलतं. समोरून फोटो काढायला उभे राहाल तर तुम्हाला डबा मिळेल. इंजिन पुढे हवं असेल तर उतरणारी गाडी धरा, किंवा हिलग्रोव्हला पाणी भरायला थांबते तेव्हा आरामात काढा. रेवाडीच्या शेडमध्ये ‘अकबर’सारखी ब्रॉडगेजची डब्ल्यूपी इंजिनं बघायला मिळतात, पण ती वाफेवर कधी असतील ते आधी विचारून जा. आपल्या माथेरानला जाऊ नका. म्हणजे जा, पण वाफेसाठी नको, ती १९८२ मध्येच संपली. नुसतं बघायचं असेल तर नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय चांगलं आहे.

काळ्या इंजिनाचा फोटो काढताना कॅमेऱ्याच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. पांढरी वाफ आणि आभाळ जास्त आलं की इंजिन कोळशाचा गोळा होऊन बसतं. बाजूच्या गवतावर उजेड मोजा आणि तोच कायम ठेवा.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. काळा धूर प्रत्येक वेळी चूक नसते. शेडमध्ये आग पेटवताना तो येतोच. आपला कोळसा राखेने भरलेला, त्यामुळे चांगल्या फायरमनच्या हातूनही अधूनमधून यायचा. निलगिरीची काही इंजिनं तेलावर चालतात, त्यांचं गणित वेगळं. तसा धूर आपसूक मिळाला तर जरूर काढा. माझा राग पैसे देऊन काढवलेल्या धुरावर आहे.

आणि रुळांत उभं राहून फोटो काढणारा असाल तर वरचं सगळं विसरा आणि घरीच बसा. रेल्वे कायद्याच्या १४७ कलमाखाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, ते वेगळंच. विजेच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि त्यांना तुमच्या सेल्फी स्टिकने तारेला शिवण्याचीही गरज लागत नाही. स्टेशनवर कॅमेरा काढण्याआधी स्टेशनमास्तरांना विचारा. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा चहाही मिळतो.

माझ्या त्या मित्राने वाफ संपली तेव्हा कॅमेरा कपाटात ठेवला. आता फोटो काढण्यासारखं काय उरलं, म्हणाला. तो तसा म्हणत असताना घाटात डीसी विजेवरची इंजिनं रोज चालत होती, देशभर डब्ल्यूडीएम-२ डिझेल धडधडत होती. आज ती दोन्ही दिसेनाशी झाली आणि आता तोच माझ्याकडे त्यांचे फोटो मागतो. पाचोरा–जामनेरची छोटी गाडी बंद पडली तेव्हाही त्याचा फोन आला होता.

म्हणून दार्जिलिंगचं तिकीट काढण्याआधी कर्जतला जा. लोणावळ्याकडे ३७ ला १ चा चढ आहे, आणि गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात. लेन्स ७०-२०० मिलिमीटरची पुरे, शटरचा वेग १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका. लेन्सवर आणखी खर्च करायचा असेल तर तेवढ्यात दोनदा कुन्नूर होईल. बँकर गाडीच्या शेपटाला लागतात, तेव्हा पुण्याकडच्या टोकाला गर्दी करू नका, मुंबईकडच्या टोकाला उभे राहा आणि जोडणी करणाऱ्याच्या आड येऊ नका.