चार नगरसेवक आणि एक पदपथ

प्रश्न : जानेवारी 2026 च्या निवडणुकीत आमच्या प्रभागातून चार नगरसेवक निवडून आले. सोसायटीसमोरचा पदपथ अनेक महिने उखडलेला आहे. एकाकडे गेलो की ते दुसऱ्याचे नाव सांगतात. आमचे नगरसेवक नेमके कोणते? आणि मतदानाखेरीज सामान्य नागरिकाला महापालिकेच्या कारभारात भाग घेता येतो का? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : चौघेही आपलेच. नवी मुंबईतील 111 जागा 28 प्रभागांत विभागलेल्या असून एक प्रभाग सोडल्यास प्रत्येकातून चार जण निवडून येतात. अ, ब, क, ड ही अक्षरे जागा आणि त्यांचे आरक्षण ओळखण्यासाठी आहेत, प्रभागाची वाटणी करण्यासाठी नव्हेत. ‘तो भाग माझ्याकडे नाही’ ही त्यांची आपसांतली सोय झाली. आपण ती मानण्याचे कारण नाही. निवेदन चौघांच्या नावे एकत्रच द्यावे.

मात्र पदपथ दुरुस्त करून घेण्याचा अधिकार नगरसेवकाला नसतो. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमानुसार अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. म्हणूनच मे 2020 पासून एकही नगरसेवक नसताना महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाताखाली चालू राहू शकला. नगरसेवकाचे बळ महासभेत (सर्व नगरसेवकांच्या सभेत), 16 सदस्यांच्या स्थायी समितीत आणि सर्वांत अधिक अंदाजपत्रकात असते. त्यामुळे तक्रार प्रशासनाकडे आणि मागणी नगरसेवकांकडे, असा भेद ठेवावा.

तक्रार नेरुळ विभाग कार्यालयात विभाग अधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्यावी. सेक्टर, रस्त्याचे नाव, जवळच्या दिव्याच्या खांबाचा क्रमांक आणि उखडलेल्या भागाची अंदाजे लांबी लिहावी. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. ‘साहेबांना सांगून ठेवले आहे’ याला दप्तरी काही किंमत नसते. पदपथ कोणी खोदला, हेही त्याच अर्जात विचारावे. वीज किंवा गॅसवाहिनीसाठी खोदाईची परवानगी देताना रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च साधारणपणे महापालिका आधीच वसूल करते. तसे झाले असेल, तर ‘निधी नाही’ हे उत्तर टिकत नाही.

उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा मार्ग आहे. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि सुमारे 150 शब्द अशी मर्यादा असल्याने गाऱ्हाणे न मांडता कागद मागावेत : या पदपथाच्या मागील कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर राहते तो काळ. हा कालावधी संपला नसेल आणि दोष कामातच असेल, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

सहभागाचे म्हणाल, तर महासभा सामान्यतः नागरिकांना खुली असते आणि विषयपत्रिका वाचून गेल्यास ती कंटाळवाणी वाटत नाही. प्रभागातील मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे; ती फारशी भरत नाही हे खरे, पण नव्या नगरसेवकांकडे तिची लेखी मागणी करायला काहीच हरकत नाही. नव्या कामाची मागणी असेल, तर वेळ सांभाळावी. आयुक्त अंदाजपत्रक साधारणपणे फेब्रुवारीच्या सुमारास मांडतात, म्हणजे विभागांची आकडेमोड त्याआधी काही महिने सुरू झालेली असते. दिवाळीच्या सुमारास दिलेले निवेदन त्या आकडेमोडीत शिरू शकते. एप्रिलमध्ये दिलेल्याला बहुधा पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

प्रश्न : मी खारघरला राहतो. मालमत्ता कराची तक्रार नवी मुंबई महापालिकेकडे करायची का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : नाही. खारघर हा नवी मुंबई शहराच्या आराखड्यातला नोड (उपनगर) असला, तरी तो 1 ऑक्टोबर 2016 रोजी स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येतो. कराची तक्रार तिच्याकडे करावी. सिडको या नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या भूखंडाचा भाडेपट्टा आणि त्यावरील सदनिकेचे हस्तांतरण यांसाठी मात्र सिडकोकडेच जावे लागेल.