प्लाझ्मा देऊन घरभाडं सुटतं का?

तू विचारलंस: "ताई, ऑगस्टमध्ये एमएससाठी ओहायोला जातेय. सीनियर सांगतात की आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा दिला की खोलीचं भाडं सुटतं. खरं का? तिथे नक्की काय करतात, त्रास होतो का?"

मी विद्यार्थिनी असताना एका हिवाळ्यात अकरा वेळा पैसे घेऊन प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, दिला आहे, त्यामुळे स्वतःच्या अनुभवावरून सांगते. भाड्याच्या हिशेबात हे पैसे धरू नकोस. द्यायचाच असेल तर तयारीने जा. आणि त्याच्याही आधी व्हिसाचं बघ, कारण सीनियर नेमकं तेच सांगत नाहीत.

एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम चालतं, बाहेरचं काम परवानगीशिवाय चालत नाही. प्लाझ्माचे पैसे हे 'काम' धरायचे का, यावर दोन विद्यापीठांत दोन उत्तरं मिळतात. प्लाझ्मा घेणारे सेंटरवाले त्याला मोबदला म्हणतात, तुझ्या वेळेचा. पण जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सीमा खात्याने मेक्सिकोतून व्हिजिटर व्हिसावर प्लाझ्मा द्यायला येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली, आणि कारण दिलं की ही मजुरीच आहे. प्लाझ्मा कंपन्या कोर्टात गेल्या आणि सप्टेंबर 2022 मध्ये कोर्टाने ती बंदी थांबवली. ते प्रकरण विद्यार्थ्यांचं नव्हतं, पण सरकारी खातं याकडे कोणत्या नजरेने बघू शकतं ते त्यातून दिसतं. म्हणून तुझ्या विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओंना, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा बघणाऱ्या अधिकाऱ्यांना, ईमेलवर विचार आणि उत्तर जपून ठेव. मी न विचारता गेले होते. पुढे ओपीटीचा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचा, अर्ज भरताना महिनाभर जिवाला घोर लागला. काही झालं नाही, पण तो घोर त्या पैशांपेक्षा महाग पडला. शिवाय हे उत्पन्न करपात्र आहे. सेंटरने कुठलाही फॉर्म पाठवला नाही तरी रिटर्नमध्ये दाखवायचं असतं.

दुसरी अडचण कागदांची. फोटो ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतोच, शिवाय बरीच सेंटर सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) मागतात. तो तुला कॅम्पसवर नोकरी मिळाल्यावरच काढता येईल. म्हणजे पैशाची खरी ओढाताण असते त्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा रस्ता बहुधा बंदच असतो.

आता तिथे काय होतं ते. पहिल्या दिवशी तीन तास हाताशी ठेव. लांबलचक प्रश्नावली, वजन, ताप, रक्तदाब, लघवीची तपासणी, दोन्ही हातांच्या शिरा बघणं, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी साठी रक्त. नुकताच टॅटू काढला असेल किंवा नाक टोचलं असेल तर काही महिने थांबवतात, तेव्हा निघायच्या आधी हौसेने काही करू नकोस. वजन किमान 110 पौंड, म्हणजे 50 किलो लागतं. आपल्याकडच्या कितीतरी मुली इथेच अडतात. वजन वाढवून दाखवायला खिशात नाणी ठेवणारी एक मुलगी मी पाहिली आहे. असं कधीही करू नकोस. किती प्लाझ्मा काढायचा ते वजनावरून ठरतं, आणि ती मर्यादा तुझ्याच जिवासाठी आहे.

मग दर वेळी बोट टोचून हेमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) आणि रक्तातलं प्रोटीन बघतात. हेमॅटोक्रिट 38 टक्क्यांच्या खाली किंवा प्रोटीन 6 च्या खाली गेलं की त्या दिवशी परत पाठवतात, आणि एक पैसाही मिळत नाही. मी दोनदा अशी बसचं भाडं घालवून परत आले, त्यातली एक चतुर्थी होती. उपासाच्या दिवशी जाऊच नकोस. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी वरण, उसळ, अंडी, पनीर, दही, चण्याचं पीठ जे चालत असेल ते पोटभर खा. नुसता भात-बटाटा किंवा मॅगीवर राहणाऱ्या मुलांचं प्रोटीन हमखास कमी येतं. तळलेलं मात्र नको, प्लाझ्मा दुधासारखा गढूळ येतो आणि तो नाकारू शकतात. पाणी आदल्या रात्रीपासूनच पीत राहा.

खुर्चीवर बसवून कोपराच्या आतल्या शिरेत सुई घालतात. ती नेहमीच्या रक्त तपासणीच्या सुईपेक्षा जाड असते, टोचताना दुखतं, नंतर फारसं जाणवत नाही. मशीन थोडं रक्त ओढतं, फिरवून पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतं आणि लाल पेशी त्याच सुईतून परत सोडतं. ओढताना मूठ उघड-मिट करायची, परत येताना हात सैल सोडायचा. असे सात-आठ फेरे होतात. तुझ्या वजनाला साधारण 625 मिली काढतील आणि शेवटी सलाइन देतील. तेव्हा आतून थंडी वाजते. हुडी आणि मोजे घालून जा, पण बाही वर सरकेल अशी.

रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सायट्रेट असतं. त्यातलं थोडं शरीरात जातं आणि कॅल्शियमला धरून ठेवतं. त्याने ओठांना मुंग्या येतात, तोंडाला धातूची चव येते. हे लपवून सहन करू नकोस, लगेच हात वर कर. ते वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात. शीर चुकली तर कोपर आठवडाभर काळंनिळं राहतं. आणि मशीन मध्येच बंद पडून लाल पेशी परत देता आल्या नाहीत, तर बऱ्याचदा आठ आठवडे थांबवतात. माझ्या बाबतीत नवव्या वेळी हेच झालं. त्या महिन्यात मी त्या पैशांवर विसंबून होते आणि भाड्यासाठी मैत्रिणीपुढे हात पसरावा लागला. सुरुवातीलाच भाड्याची गोष्ट का लिहिली, ते आता कळलं असेल.

पैसे प्रीपेड कार्डावर येतात. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात भरपूर देतात. जाहिराती दिसतात त्या त्याच आकड्याच्या, आणि सीनियर सांगतात तोही तोच. मला पहिल्या पाच वेळांचे मिळून पाचशे डॉलर मिळाले, पुढे एका वेळेचे 40 ते 60. जायला-यायला बस, रांग, मशीनवरचा तास धरला तर प्रत्येक वेळी अर्धा दिवस जातो, आणि संध्याकाळी वाचायला बसलं की डोळे मिटतात. सुईच्या हाताने त्या दिवशी जड सामान उचलू नये. किराणा आदल्या दिवशीच आणून ठेव.

अमेरिकेत सात दिवसांत दोनदा देता येतो. जर्मनीत वर्षाला 60 वेळांची मर्यादा आहे, इथे शंभराच्या वर जाता येतं. वारंवार दिलं की शरीरातली प्रतिकारक प्रथिनं खाली जातात, म्हणून दर चार महिन्यांनी वेगळी तपासणी करतात. माझं मत विचारशील तर आठवड्यातून एकदाच, आणि परीक्षेच्या महिन्यात अजिबात नाही.

घरी हे सांगितलं तेव्हा आई रडली. "रक्त विकतेस?" म्हणाली. तिचं चुकलं नाही. आपल्याकडे 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे, आणि आपण मंडळाच्या शिबिरात बिस्किटपुडा आणि प्रमाणपत्र घेऊन रक्त देत मोठे झालो. मी तिला सांगितलं की लाल पेशी परत मिळतात, आणि त्या प्लाझ्मापासून हिमोफिलियाच्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांची औषधं होतात. जगात अशा औषधांसाठी जमणाऱ्या प्लाझ्मापैकी साधारण दोन तृतीयांश अमेरिकेतून येतो. एकदा देऊन सोडू नकोस हेही त्याचसाठी: सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा देऊन तपासणी स्वच्छ आल्याशिवाय पहिली पिशवी औषधाला वापरत नाहीत.

निघायच्या आधी गावातल्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन आणि टोटल प्रोटीन करून घे. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवून आत्ताच लोहाची गोळी सुरू कर. ते प्लाझ्मासाठी नाही, ओहायोच्या पहिल्या हिवाळ्यासाठी.