पिरॅमिड, मनोरा आणि देऊळ

एका वाचकाने विचारले आहे की, शाळकरी मुलांसाठी प्राचीन वास्तूंवर लेख लिहिताना इजिप्तमधील गिझा, इराकमधील उर आणि मेक्सिकोतील चिचेन इत्सा येथील बांधकामांना सरसकट ‘पिरॅमिड’ म्हणावे काय, आणि ‘मनोरा’ हा रुळलेला शब्द हाताशी असताना परका शब्द घ्यावाच कशाला.

आधी मनोऱ्याविषयी. दहीहंडीला गोविंदा थरांवर थर लावतात त्याला आपण ‘मानवी मनोरा’ म्हणतो आणि इंग्रजीत त्यालाच ‘पिरॅमिड’ म्हणतात. हे दोन शब्द समानार्थी वाटू लागतात ते बहुधा यामुळेच. परंतु मनोरा हा शब्द ज्या अरबी ‘मनारा’पासून आला त्याचा मूळ अर्थ प्रकाशाची जागा, म्हणजे दीपस्तंभ असा आहे आणि मराठीतही मनोरा म्हटले की उंच, सडसडीत बांधकामच डोळ्यांपुढे येते. गिझा येथील खुफू राजाच्या पिरॅमिडाची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, तर त्याच्या चौरस पायाची एकेक बाजू सुमारे २३० मीटर आहे. ज्याची रुंदी उंचीच्या दीडपटीहून अधिक, त्याला मनोरा म्हणणे मला पटत नाही.

आपल्याकडील एखादा शब्द वापरायचाच असेल, तर वर्णनासाठी ‘उतरंड’ हा शब्द मी सुचवीन. इजिप्तमध्येच सक्कारा येथे इसवी सनापूर्वी सत्ताविसाव्या शतकात जोसेर राजाचे थडगे म्हणून जो पायऱ्यांचा पिरॅमिड उभा राहिला, त्याचे सहा टप्पे खाली सर्वांत मोठा आणि वर क्रमाने लहान असे आहेत. स्वयंपाकघरातील मडक्यांची उतरंड पाहिलेल्या कोणालाही ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्याआधीच्या सपाट माथ्याच्या थडग्यांना ‘मस्तबा’ म्हणतात, तो अरबी शब्द असून त्याचा अर्थ बसायचा ओटा असा आहे.

‘पिरॅमिड’ हा शब्दही मुळात इजिप्तमधल्या लोकांचा नव्हे. तो ग्रीक ‘पिरामिस’वरून आला, आणि ग्रीकांत याच नावाचा गव्हाचा एक खाद्यपदार्थही होता, त्याच्या आकारावरून वास्तूला हे नाव पडले असावे, असे एक मत आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लिहिताना स्वर गाळत असत. पिरॅमिडासाठीचा त्यांचा शब्द म आणि र या व्यंजनांनी लिहिलेला आढळतो आणि अभ्यासक तो ‘मेर’ असा उच्चारतात. आपल्या शेताची मेर किंवा मेरू पर्वत यांच्याशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते.

उर येथील वास्तूला मात्र पिरॅमिड म्हणूच नये. इसवी सनापूर्वी एकविसाव्या शतकात उर-नम्मू राजाने नन्ना या चंद्रदेवतेसाठी ती बांधवली. आतला गाभा उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा आणि बाहेरचे आवरण डांबरात बसवलेल्या भाजक्या विटांचे आहे, काही विटांवर राजाच्या नावाचा शिक्का आहे, आणि गाभ्यातील ओल बाहेर पडावी म्हणून या आवरणात जागोजाग भोके ठेवलेली दिसतात. तेथे कोणाला पुरलेले नव्हते. ती वास्तू म्हणजे देवळाला उंचावर नेणारे जोते होते. तिचे ‘झिगुरात’ हे नाव तिकडच्या प्राचीन अक्कादी भाषेतील ‘उंच बांधणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेले आहे, आणि ते तसेच ठेवावे. बाबिलोनच्या अशाच वास्तूच्या आठवणीतून आलेल्या मानल्या जाणाऱ्या बाबेलच्या कथेसाठी मराठी बायबलात ‘बुरूज’ हा शब्द आहे. त्यालाही भाषांतरकाराने पिरॅमिड म्हटलेले नाही.

मेक्सिकोच्या बाबतीत निर्णय अधिक अवघड आहे, कारण तेथील वास्तूंना ‘पिरॅमिड’ म्हणण्याची रीत आता जगभर रूढ झाली आहे. चिचेन इत्सा येथील कुकुलकान या देवाच्या वास्तूला चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत, माथ्यावरची एक धरली की ३६५ होतात. आणि या पायऱ्या चढून पोहोचायचे ते माथ्यावरच्या देवळात. स्पॅनिशांनी तिला ‘किल्ला’ या अर्थाचे नाव दिले, ते तर आणखीच दूरचे. मेक्सिकोतलेच अझ्टेक लोक मात्र आपल्या अशा वास्तूंना नाहुआत्ल भाषेत ‘तेओकाल्ली’ म्हणत: ‘तेओत्ल’ म्हणजे देव आणि ‘काल्ली’ म्हणजे घर. अक्षरशः देवघर! आपले ‘देऊळ’ही ‘देवकुल’ या शब्दापासूनच आलेले आहे, तेव्हा येथे मराठी शब्द केवळ चालतोच असे नाही, तर मूळ शब्दाला तो ग्रीक शब्दापेक्षा जवळचा आहे. अपवाद आहेतच: पालेन्के येथील देवळाच्या पोटात १९५२ मध्ये पकाल राजाचे थडगे सापडले, म्हणजे एकाच वास्तूत देऊळ आणि थडगे दोन्ही होते.

म्हणून माझे उत्तर असे: गिझा आणि सक्कारा यांसाठी ‘पिरॅमिड’, उरसाठी ‘झिगुरात’, आणि मेक्सिकोसाठी पहिल्या उल्लेखात ‘पिरॅमिडाच्या आकाराचे देऊळ’ लिहून पुढे नुसते ‘देऊळ’. आणखी एक, ‘पिरॅमिड्स’ असे लिहू नये. तो शब्द मराठीत पुल्लिंगी अकारान्त आहे, त्यामुळे एक दगड, तीन दगड याप्रमाणेच एक पिरॅमिड, तीन पिरॅमिड असे लिहावे.